वेबसाईटच्या नावाची मुदत संपली तर? किती दिवसांत काय करायचं, नाव परत कसं मिळवायचं

गेल्या काही वर्षांत आपल्याकडं शेतकरी कंपन्या, कृषी पर्यटन केंद्रं, रोपवाटिका, पतसंस्था, शाळा, देवस्थानं अशा बऱ्याच जणांनी वेबसाईट काढल्या. कामाची पद्धत सगळीकडं सारखीच. तालुक्याच्या गावातल्या किंवा पुण्याला गेलेल्या ओळखीच्या पोराला पैसे दिले, त्यानं सगळं उभं करून दिलं, उद्घाटनाचा फोटो ग्रुपवर पडला, विषय संपला. मग दोन-तीन वर्षांनी कुणाचा तरी फोन येतो, "अहो, तुमची वेबसाईट उघडत नाही." नाहीतर त्याहून वाईट, "तुमच्या वेबसाईटवर रमीच्या जाहिराती दिसतायत."

असं झालं की लोक लगेच "हॅक झाली" म्हणतात. हॅक होतही असेल, पण त्याआधी वेबसाईटच्या नावाची मुदत तपासायची. या नावाला डोमेन म्हणतात. त्याची मुदत संपली असेल तर तुमच्या हातात मोजके दिवस असतात. त्या दिवसांत काय करता येतं आणि ते दिवस गेले तर काय उरतं, ते खाली दिलं आहे.

नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं

"आम्ही डोमेन विकत घेतलंय" असं आपण म्हणतो. तसं नसतं. नाव कमीत कमी १ वर्षासाठी आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी आपल्या नावे नोंदवलं जातं. मुदत संपण्याआधी फी भरली तर पुढं चालू, नाही भरली तर गेलं. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांचे नियम आयकॅन ही अमेरिकेतली संस्था ठरवते. डॉट इन आणि डॉट भारत ही नावं आपल्या देशातली निक्सी ही संस्था सांभाळते. या दोघी आपल्याशी थेट व्यवहार करत नाहीत. मधे रजिस्ट्रार कंपनी असते आणि तिच्याकडून नाव घेऊन आपल्याला देणारा आपला पोरगा असतो.

वेबसाईटची पानं, फोटो ज्या जागेत ठेवलेले असतात ते होस्टिंग. त्याची फी आणि मुदत वेगळी असते. गाळ्याचं भाडं भरलेलं असलं तरी दुकानावरची पाटी दुसऱ्याची होऊ शकते, तसा हा प्रकार. म्हणून "मी तर मागच्याच महिन्यात पैसे भरले" असं कुणी म्हणालं तर ते होस्टिंगचे की नावाचे, हे आधी विचारायचं.

आधी उतारा काढा

जमिनीचा वाद आला की आपण पहिला सातबारा काढतो. डोमेनचाही उतारा निघतो, मोबाईलवर, फुकट. डॉट कॉम, डॉट ऑर्ग असेल तर लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग या पानावर नाव टाका. डॉट इन असेल तर रजिस्ट्री डॉट इन या पानावर हू-इज शोध आहे.

तिथं चार गोष्टी बघायच्या: नाव पहिल्यांदा कधी नोंदवलं, मुदत कधी संपते, रजिस्ट्रार कोण आणि स्टेटस काय. धारकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं. २०१८ साली युरोपात खाजगी माहितीचा कायदा आल्यापासून हे वाढलं. त्यामुळं नाव दिसलं नाही म्हणून घाबरू नका. रजिस्ट्रार कोण ते कळलं की पुढची वाट सापडते.

इथं एक फसगत होते. डॉट कॉमची मुदत संपली की नोंदवहीत पुढच्या वर्षाची तारीख आपोआप पडते, पण रजिस्ट्रारकडं पैसे भरलेले नसतात. माणूस उतारा बघतो, "अजून वर्ष बाकी आहे" म्हणून निवांत बसतो आणि तिकडं नाव जात असतं. तारीख ठीक दिसते पण साईट बंद आहे, असं असेल तर रजिस्ट्रारलाच विचारा.

दिवसांचा हिशेब

डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारनं मुदतीआधी साधारण महिनाभर एक, साधारण आठवडाभर आधी दुसरी, आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत तिसरी सूचना पाठवायची असते. हा आयकॅनचा नियम आहे. सूचना येतात. पण त्या नोंदीत दिलेल्या ईमेलवर जातात आणि तो ईमेल त्या पोराचा असतो. त्यानं नंबर बदलला, नोकरी लागली, तो मेल बघायचा बंद झाला. म्हणून आपल्याला काही कळत नाही.

मुदत संपल्यावर पहिला टप्पा सवलतीचा. तो जास्तीत जास्त ४५ दिवसांचा, पण रजिस्ट्रार स्वतःच्या मर्जीनं कमी दिवस देऊ शकतो. या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या फीमध्ये नाव चालू होतं. ४५ दिवस आहेत म्हणून थांबू नका, कारण काही रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावाला लावतात.

दुसरा टप्पा रिडेम्प्शनचा, ३० दिवस. नाव अजून तुमचंच सोडवता येतं, पण नेहमीच्या फीवर मोठा दंड बसतो. जे नाव वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, त्याला इथं काही हजार मोजावे लागतात. उताऱ्यात "रिडेम्प्शन पिरियड" दिसलं तर घासाघीस करायची वेळ गेली असं समजा.

त्यानंतर ५ दिवस "पेंडिंग डिलीट". या ५ दिवसांत कुणीच काही करू शकत नाही, तुम्हीही नाही, रजिस्ट्रारही नाही. मग नाव मोकळं होतं आणि पहिला येईल त्याला मिळतं. जुनी, वापरातली नावं टिपायला कंपन्यांचे संगणक टपून बसलेले असतात, चांगलं नाव सेकंदात जातं. लिलावात किंवा इथं ज्यानं घेतलं त्याला तुमच्या वेबसाईटची जुनी वर्दळ आयती मिळते. रमीच्या जाहिराती येतात त्या इथून.

डॉट इनचा क्रमही साधारण असाच आहे. सवलतीचे दिवस किती हे मात्र तुमच्या रजिस्ट्रारकडून विचारून घ्या.

खातं दुसऱ्याच्या नावावर असेल तर

खरी अडचण इथं आहे. पैसे भरायला माणूस तयार असतो, पण भरायचे कुठं? लॉगिन त्या पोराकडं.

आमच्या भागातल्या एका शेतकरी कंपनीचं असंच झालं. हळदीच्या पाकिटावर वेबसाईटचं नाव आणि क्यूआर कोड छापलेला, पाकिटं हजारोंनी छापून पडलेली. वेबसाईट करणाऱ्यानं धंदा बंद केला होता. संचालक महिनाभर एकमेकांना विचारत राहिले, "पासवर्ड कुणाकडं आहे?" शेवटी एका संचालकाच्या भाच्यानं उतारा काढला तेव्हा रिडेम्प्शनचे ९ दिवस उरलेले होते. नाव सुटलं, पण दंड भरून आणि त्या पोराच्या गावापर्यंत जाऊन.

तर पहिला मार्ग तोच, माणूस गाठायचा. भांडायला नाही. नोटीस पाठवण्याआधी चहाला बसलेलं स्वस्त पडतं. त्याच्याकडून तीन कामं करून घ्यायची. आधी नाव रिन्यू करायचं, कारण घड्याळ चालू आहे. मग नोंदीतला धारक, ईमेल आणि मोबाईल संस्थेचा करायचा. त्यानंतर नाव संस्थेच्या स्वतःच्या खात्यात घ्यायचं. त्याच रजिस्ट्रारकडं दुसरं खातं उघडलं तर नाव आतल्या आत सरकवता येतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं असेल तर ऑथ कोड लागतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मागणी केल्यापासून ५ दिवसांत तो द्यावा, असा रजिस्ट्रारवर नियम आहे. नवीन नोंदलेलं नाव पहिले ६० दिवस हलवता येत नाही, आणि धारक बदलल्यावरही बऱ्याचदा ६० दिवसांचं कुलूप लागतं. म्हणून घाईत रजिस्ट्रार बदलायच्या भानगडीत पडू नका. आधी नाव जिवंत करा.

माणूस सापडत नसेल तर रजिस्ट्रारच्या मदत विभागाला लेखी कळवा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, संचालक मंडळाचा ठराव, लेटरहेडवर अर्ज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे दिल्याची पावती जोडा. यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं "सर डोमेनचे पैसे पाठवा" हे सगळं जपून ठेवा. नोंदीत संस्थेचं नाव असेल आणि फक्त ईमेल गेलेला असेल तर काम होण्याची शक्यता चांगली. नोंदीत त्या पोराचंच नाव असेल तर रजिस्ट्रार त्यालाच धारक मानतो. मग तो स्वतः सही करेपर्यंत किंवा वादाचा निकाल लागेपर्यंत हलता येत नाही.

काही ठिकाणी लॉगिनशिवाय कुणीही फी भरू शकतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टची पासपोर्ट डॉट कॉम या नावाची फी भरायची राहिली होती आणि हॉटमेलवर लोकांना आत जाता येईना. मायकेल चेनी नावाच्या अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि काम चालू झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं होतं, तर आपल्या पतसंस्थेचं काय घेऊन बसलात. पण फी भरली म्हणून नाव चेनीचं झालं नाही. दुसऱ्याच्या जमिनीचा सारा भरला म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव लागत नाही, तसंच हे.

साईटपेक्षा ईमेलचा धोका मोठा

याकडं कुणाचं लक्ष जात नाही. समजा तुमच्या कंपनीचा ईमेल त्याच डोमेनवर आहे, म्हणजे "माहिती ॲट कंपनीचं नाव डॉट कॉम" अशा धाटणीचा. नाव दुसऱ्यानं घेतलं की तो तसाच ईमेल स्वतःकडं उघडू शकतो. मग तुमच्या नावे येणारी बिलं, खरेदीदारांची पत्रं, बँकेचे मेल, "पासवर्ड विसरलात का?" दाबल्यावर येणारे दुवे त्याच्याकडं जातात. कुणाचंही काही हॅक न करता.

म्हणून नाव धोक्यात आहे असं कळल्याच्या दिवशीच बँक, जीएसटी, अन्न परवाना, गुगल नकाशावरची नोंद, फेसबुक पान, जिथं जिथं तो ईमेल दिलाय तिथं बदला. जीएसटी पोर्टलवर ईमेल आणि मोबाईल बदलणं नॉन-कोअर दुरुस्तीत येतं, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आणि व्यापाऱ्यांना फोन करून सांगा की जुन्या ईमेलवरून खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवू नका. पाकिटावरच्या क्यूआर कोडवर स्टिकर चिकटवा. त्या नावाखाली फसवणूक सुरू झालीच असेल तर १९३० वर तक्रार नोंदवा.

नाव दुसऱ्याच्या हाती गेलं असेल तर

तीन वाटा आहेत.

विकत घेणं ही एक. समोरचा सांगेल तो दर. व्यवहार करायचाच असेल तर मध्यस्थ एस्क्रो सेवेतून करा, म्हणजे नाव तुमच्या खात्यात आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. अनोळखी नंबरवर यूपीआय करू नका.

दुसरी वाट तक्रारीची. डॉट इनसाठी निक्सीकडं लवादाची सोय आहे, तिला आयएनडीआरपी म्हणतात. तुम्हाला दाखवावं लागतं की ते नाव तुमच्या हक्काच्या नावाशी सारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं नोंदवलंय किंवा वापरतोय. डॉट कॉमसाठी अशीच यूडीआरपी नावाची पद्धत १९९९ पासून आहे, पण जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडं एका पंचासाठी १५०० डॉलर फी आहे. छोट्या संस्थेला हे परवडत नाही, सरळ सांगतो. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलंय की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, त्यामुळं कोर्टाची वाटही आहे. कुठंही गेलात तरी पहिला प्रश्न एकच, तुमचा हक्क कशावरून? ट्रेडमार्क नोंदलेला असला तर उत्तर सोपं. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. नाव नुसतं "ताजी हळद" असेल तर फारसं काही हाती लागणार नाही.

तिसरी वाट, सोडून द्यायचं आणि नवीन नाव घ्यायचं. डॉट कॉम गेलं असेल तर डॉट इन मोकळं आहे का बघा. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. माझ्या मते दहापैकी आठ जणांनी हेच करावं. जुनी पानं, फोटो होस्टिंगवर असतील तर ते आधी उतरवून घ्या, कारण होस्टिंगची मुदत संपली की तेही जातं. काहीच नसेल तर वेबॅक मशीन या फुकट साठ्यात जुनं नाव टाकून बघा, बऱ्याच साईटची जुनी पानं तिथं सापडतात.

नवीन नाव घेताना

खातं संस्थेच्या नावे उघडा, ईमेल साधा जीमेल द्या, त्याच डोमेनवरचा नको. नाहीतर नाव बंद पडलं की सूचना येणारा ईमेलही बंद. मोबाईल नंबर सचिवाचा आणि आणखी एका संचालकाचा. बिल संस्थेच्या नावे मागा. ५ वर्षांची फी एकदम भरता आली तर भरा. आपोआप रिन्यूवर विसंबू नका, कार्डाची मुदत संपते आणि पैसे कटत नाहीत. पदाधिकारी बदलले की दप्तर सोपवताना चेकबुक, शिक्क्याबरोबर या खात्याचं लॉगिनही यादीत लिहा.

मुदत जवळ आली की "तुमचं डोमेन बंद होणार, आजच पैसे भरा" असे फोन आणि मेल भलत्याच लोकांकडून येतात. उताऱ्यात जो रजिस्ट्रार दिसतो त्याच्याच साईटवर स्वतः लॉगिन करून पैसे भरायचे, मेलमधल्या दुव्यावरून नाही.