दंडावरचा वण

शास्त्र म्हटले की प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि विद्वान पुरुष डोळ्यांपुढे येतात. परंतु देवीच्या रोगाचा इतिहास वाचताना मला त्यात बायामुलेच अधिक भेटली. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले, शीतळामातेला नवस बोललो. त्यात भक्ती होती, तशीच अगतिकताही होती. दहा रोग्यांतले सुमारे तीन दगावत. वाचलेल्यांपैकी कित्येकांची दृष्टी जाई. मुलीच्या तोंडावर वण राहिले की तिच्या लग्नाची चिंता आईबापांना लागे.

लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीचा चेहराही देवींनी विद्रूप केला होता. तुर्कस्तानात म्हाताऱ्या बाया सौम्य देवींतील पू निरोगी मुलांना टोचतात, हे तिने पाहिले आणि १७१८ साली स्वतःच्या मुलाला टोचून घेतले. त्या उपायात धोका होता. पुढे १७९६ साली डॉ. जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरील गाईच्या देवींच्या फोडातून लस घेतली आणि निर्धोक मार्ग सापडला.

ती लस लांबच्या प्रवासात उष्णतेने निकामी होई. म्हणून एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती बगदाद, बसरा करीत मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात ही लस प्रथम लागू पडली ती तिलाच. तिच्या दंडावरील लसीतून पुढे इतर मुलांना आणि दूरच्या शहरांना हे संरक्षण मिळाले. त्या चिमुरडीचे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे बरे?

तरीही रोग हटण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. लस होती; विश्वास हळूहळू आला. १९७४ साली बिहारात मोठी साथ उसळली, तेव्हा कार्यकर्ते घरोघर रोगी शोधीत हिंडले. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रोगी आढळला आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. माझ्या दंडावर वण आहे. माझ्या नातीच्या दंडावर तो नाही. मानवजातीच्या प्रगतीचा याहून सुंदर पुरावा मला तरी माहीत नाही.

मात्र एक गोष्ट मनाला टोचते. या रोगाचे विषाणू आजही अमेरिका व रशिया येथील दोन प्रयोगशाळांत जतन केलेले आहेत. ज्ञान तारते, तसे मारूही शकते. त्याला वळण लावणे हे केवळ शास्त्रज्ञांचे काम नव्हे, समाजाचेही आहे.

आपल्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. शेजारची सून बाळाला लस टोचायला घाबरत असेल, तर तिला हसू नये. तिच्या शंका ऐकाव्यात, समजावून सांगावे आणि तिच्यासोबत दवाखान्यात जावे. शास्त्राने लस दिली, पण बाळाचा दंड पुढे केला तो आईनेच. भविष्यकाळही तिच्याच विश्वासावर उभा राहावयाचा आहे.