जायफळाची बेटं आणि आमचं हळदीचं मार्केट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून देतोय.

मी मूळचा वसमतचा. आमच्याकडे हळद शिजवून, वाळवून, ढोलात घोळून झाली की घरात एकच प्रश्न असतो: भाव काय निघाला? बाबांसोबत हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गेलो की मी आधी व्यापारी किती आलेत ते मोजायचो. बोली लावणारे जास्त, तेवढं आपलं बरं. हे सांगायचं कारण म्हणजे आजची गोष्ट एकाच गिऱ्हाइकाची आहे.

मोबाईलवर नकाशा उघडा. सुलावेसी आणि न्यू गिनीच्या मधे मालुकू बेटं दिसतील. इंडोनेशियाचा हा प्रांत 1999 पर्यंत एक होता, आता मालुकू आणि उत्तर मालुकू असे दोन आहेत. उत्तरेला तेरनाते, तिदोरे ही ज्वालामुखीची बेटं. लवंग तिथली. दक्षिणेला बांदा नावाची चिमुकली बेटं. जायफळ तिथलं. आपण श्रीखंडात किसून घालतो, तेच! कित्येक शतकं जगाला लागणारं जायफळ या एवढ्याशा जागेतून जायचं.

आता गोव्याचा संबंध बघा. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का, आणि पुढच्याच वर्षी त्यांची जहाजं बांदात पोहोचली. तेरनातेचा सुलतान ताबारिजी याला त्यांनी कैद करून गोव्यात आणलं. तिथे तो ख्रिस्ती झाला. गादीवर बसायला परत निघाला, पण 1545 मध्ये वाटेतच, मलाक्कात वारला. पुढे 1570 मध्ये सुलतान खैरुनचा खून झाला आणि चिडलेल्या तेरनातेवाल्यांनी 1575 मध्ये पोर्तुगीजांना हाकलून दिलं.

मग आली डच कंपनी. तिने बांदाच्या म्होरक्यांकडून करार करून घेतले: जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. पण बांदात तांदूळ पिकत नव्हता. खायचं धान्य बाहेरचे व्यापारी आणायचे आणि त्या बदल्यात जायफळ न्यायचे. डच मात्र भाव कमी द्यायचे. त्यामुळे लोक इतरांनाही विकत राहिले.

1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून फौज घेऊन आला. म्होरक्यांची कत्तल झाली. बेटांवर अंदाजे 15 हजार माणसं होती, त्यातली जेमतेम हजारेक उरली. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. बागा डच मालकांना वाटल्या आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. 1667 च्या तहात इंग्रजांनी इथल्या रुन बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. म्हणजे आजचं न्यूयॉर्क!

ही मक्तेदारी मोडली ती रोपांनी. आधी फ्रेंचांनी रोपं चोरून नेली. नंतर इंग्रजांनी बांदा घेतलं तेव्हा त्यांनीही नेली. आज कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. आपल्या कोकणातही नारळ-सुपारीच्या बागेत ते पिकतं.

आमच्या वसमत हळदीला आता जीआय मिळालाय. नाव मिळालं याचा आनंद आहेच. पण नाव तर बांदाचंही जगभर होतं. म्हणून यार्डात गेलो की मी अजूनही आधी व्यापारीच मोजतो.

तुमच्या गावचं पीक कोण विकत घेतं, आणि गिऱ्हाइकं किती? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!