गोदेचे मासे आणि त्यांचे डोह

पैठणची गोष्ट निघाली कीं आपणांस सातवाहन आठवतात, एकनाथमहाराज आठवतात. गोदेच्या पाण्यांतील रहिवाशांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. आज त्यांच्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

आपल्या पूर्वजांचें या जीवांकडे लक्ष नव्हतें, असें नाहीं. सम्राट् अशोकानें पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी दिली. तींत मासेही आहेत. ठराविक तिथींस मासे मारण्यास व विकण्यास त्यानें मनाई केली. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ ग्रंथांत माशांच्या जाती व त्यांचें खाद्य नोंदविलें. पुढें कर्नल साइक्स यानें १८३८ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें मांडलें. खुद्री, मुसुल्ला, कोलूस हीं येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच त्यानें शास्त्रांत रूढ केलीं. खुद्री म्हणजे दख्खनी महसीर. यांपैकीं मुसुल्ल्याची नोंद २०११ सालीं जागतिक यादींत संकटग्रस्त म्हणून झाली.

हें संकट केवळ जाळ्यानें आलेलें नाहीं. १८९७ च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत सुरुंग लावून वा पाण्यांत विष कालवून मासे मारण्यास बंदी झाली. पण नदीच बदलली तर कायदा काय करील? जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. नाथसागरानें मराठवाड्याची तहान भागविली. तें ऋण कोण नाकारील? परंतु पावसाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वाट धरणाच्या भिंतीनें अडते. वाळूच्या उपशानें डोह व खडकाळ तळ उध्वस्त होतात, आणि शहराचें सांडपाणी खाम नदी गोदेकडेच नेते. पक्ष्यांसाठीं येथें १९८६ सालीं अभयारण्य झालें. माशांच्या डोहांस तसा मान मिळाला नाहीं.

लोणावळ्यास महसीराची कृत्रिम पैदास अर्धशतकापूर्वींच साधली. परंतु डोह उरला नाहीं तर तीं पिलें राहतील कोठें? महाडजवळ वाळण कोंड येथें वरदायिनी देवीच्या डोहांत महसीर लोकांच्या श्रद्धेनेंच सुरक्षित राहिले आहेत. आपल्या तीरावरील प्रत्येक गांवानें एक डोह असा राखावा. तेथें जाळें नको, वाळूचा उपसा नको, घाण नको. त्या डोहांत वाढलेले मासे पुराबरोबर इतरत्र पसरतील, आणि भोयांच्या जाळ्यांतही तेच येतील. मासा वांचवावयाचा तर आधीं त्याचें घर वांचविलें पाहिजे.