नागझरीपलीकडील पेठा व तेथील व्यापाऱ्यांचीं दप्तरें

पुणें शहराच्या पेठांची यादी आजवर अनेकांनीं दिली आहे. कोणती पेठ कोणी वसविली, तिचें जुनें नांव काय, पुढें तिला वाराचें नांव कसें मिळालें, एवढें सांगून बहुतेक लेखक थांबतात. मलकापूर तें रविवार, विसापूर तें शुक्रवार, १७०३ सालीं औरंगजेबाचा मुक्काम येथें असतां त्यानें मृत नातवाच्या नांवें केलेलें मुहियाबाद तें बुधवार, हें वाचकांस पाठ असेल. परंतु पेठ म्हणजे दुकानें, आणि वसविणाराचें नांव दिल्यानें दुकान चालत नाहीं. चालविलें कोणी, माल कोठून आला, हा प्रश्न मागें राहतो. तो शहराच्या पूर्वेकडील पेठांपुरता मांडावा आणि त्याचीं साधनें कोठें नष्ट होत आहेत तेंहि सांगावें, असा आमचा विचार आहे.

कसबा, रविवार, शुक्रवार हे भाग नागझरीच्या पश्चिमेस. ओढ्यापलीकडे भवानी पेठ, नाना पेठ व रास्ता पेठ. या पेठा वसल्या तेव्हां ती शहराबाहेरचीच जागा होती. येथून हडपसरकडे जाणारा रस्ता पुढें सोलापुराकडे व घांटावरल्या पूर्व मुलखांत जातो. आषाढी वारींत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी भवानी पेठेंत व तुकाराममहाराजांची नाना पेठेंत उतरते, आणि दोन्ही हडपसरापर्यंत जाऊन तेथून एक दिवेघाटास व दुसरी लोणी काळभोरास वळते. जुन्या रहदारीची दिशा याहून स्पष्ट दाखविणारा पुरावा शोधावयास नको.

भवानी पेठेच्या कालाविषयीं एक घोटाळा नेहमीं दिसतो. पूर्वी येथें बोरींचें रान होतें, त्यावरून बोरवन हें नांव, व पुढें भवानीच्या देवळावरून हल्लींचें नांव, येथवर मतभेद नाहीं. पण पेठ १७६७ सालीं वसली असें सांगून तीच सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतली, असेंहि म्हटलें जातें. सवाई माधवरावांचा जन्मच १७७४ चा. १७६७ खरें मानल्यास गादीवर थोरले माधवराव होते. नाना फडणवीसांचें नांव मात्र दोहोंकडे बसतें, कारण फडणिशी त्यांजकडे १७६३ पासून होती. गोंधळ बहुधा येथूनच निघाला: नानांचें नांव आलें कीं लेखकास सवाई माधवरावच आठवतात. नाना पेठ (जुनें नांव हनुमंत पेठ) हिच्याविषयीं तशी अडचण नाहीं. ती खरोखरच सवाई माधवरावांच्या वेळची.

पेठ वसविण्याची रीत सर्वत्र एकच होती. सरकारांतून कौल मिळे. त्यांत नव्यानें येऊन घर किंवा दुकान बांधील त्यास कांहीं वर्षें सरकारी पट्टी माफ, व पुढें ती इस्ताव्यानें, म्हणजे दरसाल थोडी थोडी चढवीत, पूर्ण दरास आणावयाची, असा करार असे. वाणी-उदमी बोलावून आणण्याची व त्यांस जागा देण्याची जबाबदारी शेट्याची. हिशेब व लिखापढी महाजनाची. या दोघांस वतन म्हणून प्रत्येक दुकानाकडून जिनसांत हक्क मिळे: धान्याच्या ढिगांतून मूठभर फसकी, इतर मालावर शेव. सरकारची जकात व मोहतर्फा निराळा. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर पेठेचा शेट्या हा अर्धा अधिकारी व अर्धा अडत्या होता, आणि बाजार भरला तरच त्याचें पोट भरे. म्हणून पेठेचा खरा संस्थापक कौल देणारा नव्हे, तो घेऊन फिरणारा शेट्या होय, असें आमचें मत आहे.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. शेटेमहाजनांच्या वतनांचे तंटे पिढ्यानपिढ्या चालले. त्यांतून महजर, निवाडे, फारखत्या, साक्षी असे कागद पैदा झाले, आणि तंट्याचा कागद वंशज जिवापाड जपतात. ज्यानें मुकाट्यानें फसकी दिली त्या वाण्याचा कागद कोणी जपला नाहीं. त्यामुळें आपल्या संग्रहांत हक्क घेणारे पुष्कळ व देणारे जवळजवळ नाहींतच. यावरून सगळी पेठ भांडणांनीं भरली होती असें चित्र रंगविणारे लेखक आम्हीं वाचले आहेत. त्यांनीं कागद जसे सांपडले तसे काळहि वागला असें धरलें.

व्यापाराकडे वळूं. भुसाराचा घाऊक बाजार याच पूर्वेकडील पेठांत कां जमला? आमचें अनुमान असें कीं, देशावरचा माल वंजारी-लमाणांच्या तांड्यांतून पाठाळांवर येई, आणि शेंकडों बैल उतरण्यास, पाण्यास व चारण्यास जी मोकळी जागा लागते ती ओढ्याअलीकडे दाट वस्तींत उरली नव्हती. शेजारच्या गंज पेठेचें जुनें नांव मीठगंज हें या अनुमानास जुळतें. कोंकणांतून मीठ वर येई, देशावरून धान्य येई. ज्या तांड्यानें धान्य उतरविलें तो रिकामा परतत नसे.

नोव्हेंबर १८१७ मध्यें पेशवाई शहरांतून गेली, आणि सरदारांच्या वाड्यांवर जगणाऱ्या पश्चिमेकडील कारागिरांस मोठा फटका बसला. पूर्वेकडे मात्र उलट घडलें. इंग्रजांचें लष्कर त्याच बाजूस वसलें आणि या पेठा शहर व लष्कर यांच्या मधोमध आल्या. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८६० त ती सोलापुरास पोंचली, १८६३ त बोरघांटाचें काम पुरें होऊन मुंबईशीं सलग मार्ग झाला. तांडे संपले, पण वखारी हलल्या नाहींत. शहराचें स्टेशनहि याच अंगास पडलें होतें. गूळ, धान्य, किराणा यांचें घाऊक ठाणें भवानी व नाना पेठ हेंच राहिलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत नेण्यांत आला. हल्लीं नाना पेठेंत मोटारींचे सुटे भाग व भवानी पेठेंत लाकूड व लोखंडी सामान यांचीं दुकानें अधिक.

बाजार हलला तेव्हां माल गेला, तराजू गेले. वह्या माळ्यांवर राहिल्या. आतां ते वाडे पडत आहेत. अशाच एका वाड्याची खबर आम्हांस उशिरा लागली. पोंचलों तों खारव्याच्या बांधणीच्या चोपड्यांचा ढीग वजनावर गेला होता. हातीं तीन लागल्या, तिन्हींचीं पहिलीं व शेवटचीं पानें नाहींत. त्यामुळें दुकान कोणाचें हेंच ठरत नाहीं, आणि ठावठिकाणा नसलेल्या आंकड्यांवर लिहिण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

संग्राहक पोथीसाठीं आणि शिक्क्याच्या सनदेसाठीं कोस कोस चालतात. वाण्याच्या वहीस हात लावीत नाहींत. वस्तुतः रोजकीर्दींत माल कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवाहून, कोणाच्या मार्फत आला हें असतें. खतावणींत उधारी व ती बुडाल्याचा साल असतो. हमाली, दलाली, धर्मादाय हे छोटे रकाने तर महजरांत कधींच न येणाऱ्या माणसांचे आहेत. मोडी लिपीचा कंटाळा हें कारण आमच्या वाचकांनीं तरी सांगूं नये.

कालगणनेंत घसरण्याचा संभव आहे, म्हणून लिहितों. मराठी कागदांत शक व शुहूर सन येतो. शुहूर सन मृगास बदलतो व त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. गुजराथी वहींतला विक्रम संवत कार्तिकांत बदलतो: कार्तिक ते फाल्गुन शकांत १३५ मिळवावे, चैत्र ते आश्विन १३४. हें न पाहिल्यामुळें एकाच हुंडीच्या दोन नोंदी वर्षभर अंतरावर पडतात.

ज्यांस अशी वही मिळेल त्यांनीं ती कोणत्या पेठेंतल्या कोणत्या आळींतून, कोणत्या जिनसाच्या दुकानांतून आली हें त्याच दिवशीं वेगळ्या कागदावर लिहून आंत ठेवावें. वहीच्या पानावर शाई लावूं नये. पाठपोट कोरीं पानें फाडून देणाऱ्या रद्दीवाल्यास तीं फाडूं देऊं नयेत, कारण त्यांवरच बहुधा मालकाचें नांव व पूजनाची तिथि असते.