गणकयंत्र : घडवावे की विकत घ्यावे?

वऱ्हाडातील मेहकर तालुक्यात डोणगाव हे गाव आहे. अशा गावांतून बलुतेदारीच्या काळी शेतकऱ्याची तिफण गावचाच सुतार करीत असे. ती बाजारच्या अवजारापेक्षा ओबडधोबड असेल. परंतु ऐन पेरणीत मोडली, तर ती दुरुस्त करणारा हात शिवेच्या आतच सापडे. पुढे गिरणी आली, इंजिन आले, आणि वस्तू विकत घेणारा मनुष्य दुरुस्तीसाठी परगावचे तोंड पाहू लागला. गणकयंत्र अथवा संगणक या अत्यंत आधुनिक वस्तूच्या बाबतीतही भारतापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग महाराष्ट्रातच लिहिला गेला.

स्वातंत्र्यानंतर संशोधनास मोठ्या आकडेमोडीची निकड भासू लागली. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडातून तयार यंत्र आणविले. मुंबईस मात्र डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने निराळा मार्ग धरला. प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली थोड्या तरुणांनी यंत्र स्वतः घडविण्याचे योजिले. प्रथम १९५६ साली एक लहान प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले. त्यावर हात बसल्यावर मोठ्या यंत्राचे काम हाती घेतले गेले, आणि १९६० साली ते कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्याच्या स्मृतिकोशात केवळ २,०४८ शब्द मावत. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

तथापि येथेच या कथेतील दुःखही आहे. यंत्र तयार होईतो जगाने नलिका टाकून ट्रान्झिस्टर स्वीकारला होता. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचे ‘३६००’ हे तयार यंत्र आले, आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. मग पाच वर्षांचे श्रम फुकट गेले काय? तसे म्हणता येणार नाही. यंत्र जुने झाले; पण ते जोडताना प्रत्येक तारेचे प्रयोजन ज्यांनी जाणले, त्यांचे ज्ञान जुने झाले नाही. परके यंत्र आले तेव्हा त्याची पारख करणारे आणि त्याजकडून काम करवून घेणारे लोक घरीच होते. विकत घेण्यासही विद्या लागते, आणि ती विद्या घडविण्यानेच अंगी येते.

या विद्येची कसोटी पुढे पुण्यास लागली. नवव्या दशकात अमेरिकेचे महासंगणक परवान्याच्या कडक बंधनांवाचून मिळेनात. विकत घेण्याची वाटच अशी अडल्यावर १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा वाहणारे डॉ. विजय भटकर हे वऱ्हाडचेच, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्याच्या अंतरंगातील ‘ट्रान्सप्युटर’ नामक चकत्या इंग्लंडातील इनमॉस कंपनीच्या होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. अनेक लहान गणकांस एका जुवाखाली आणून एकाच कामास जुंपण्याची युक्ती मात्र येथील बुद्धीची होती.

यावरून ‘स्वतःचे’ या शब्दाचा अर्थ उमगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जोडणारा विद्यार्थीही एकही भाग स्वतः घडवीत नाही. परंतु कोणता भाग का बसविला, हे तो जाणतो. गावच्या सुताराने तरी लोखंडी फास स्वतः कोठे केला होता? तो लोहाराचाच असे. वेळ थोडा आणि काम मोठे असेल, तेथे तयार वस्तू घेण्यात लाज नाही. पण ज्या देशात यंत्र उघडून पाहणारा एकही हात उरला नाही, त्याने किंमत मोजूनही यंत्र आपले केले, असे म्हणता येत नाही.