एफ६ ची फ्लॉपी

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने तिथे कोणी रॅम मागायला जात नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. आपलं नाव पुढे मदरबोर्डच्या भावाशी जोडलं जाईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. असो.

२००३-०४ साली घोडबंदर रोडवर राहून घरी पीसी असेंबल करायचा तर वारी ठरलेली. टीएमटीने ठाणे स्टेशन, फास्टने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. संध्याकाळी खोकी सांभाळत परत. रात्री सगळं जोडायचं, बायोसमध्ये नवी साटा हार्ड डिस्क नावासकट दिसली की हुश्श करायचं, आणि एक्सपीची सीडी टाकायची. निळा पडदा यायचा, फायली लोड व्हायच्या... आणि पाच मिनिटांनी सेटअप सांगायचा की या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच सापडली नाही!

आता बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही, म्हणजे काय? बहुतेकांचा संशय आधी केबलवर, मग डिस्कवर, मग दुकानदारावर. तिघेही निर्दोष.

खरं कारण जुनं आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा डिस्क वाचायचं काम बायोसकडे होतं. डॉस बायोसला सांगायचं, अमुक सेक्टर आणून दे, आणि बायोस आणून द्यायचा. विंडोज ९८ चा सेटअप डॉसवरूनच सुरू होई, त्यामुळे जी डिस्क बायोसला दिसली ती सेटअपलाही दिसली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला एक्सपी मात्र एनटीच्या घराण्यातला. १९९३ पासून एनटीची पद्धत वेगळी: सुरुवातीच्या फायली बायोसच्या मदतीने मेमरीत आणायच्या, मग कर्नल सुरू झाला की बायोसला रामराम. त्यानंतर डिस्कशी बोलायला कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. साटा डिस्क बाजारात आल्या नंतर, सीडी २००१ ची. तिच्यात तो ड्रायव्हर असणार कुठून?

त्यातही नशिबाचा भाग होता. इंटेलच्या ८६५ चिपसेटचा बोर्ड असेल तर साटा डिस्क जुन्या आयडीई डिस्कचं सोंग घ्यायची आणि काम भागायचं. स्वस्तात अ‍ॅथलॉन घेऊन व्हीटी८२३७ चिपचा बोर्ड पत्करलेला माणूस मात्र अडकायचा.

यावर उपाय एनटीने ठेवला होता, पण तो सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. सेटअप सुरू होताना तळाशी काही सेकंद एक ओळ झळकते: स्कझी किंवा रेडचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. घरच्या माणसाला स्कझीशी काय घेणंदेणं? तो ती ओळ सोडून द्यायचा. आणि दाबलं तरी ड्रायव्हर द्यायचा फक्त फ्लॉपीवरून. सीडी चालत नाही, पेन ड्राइव्ह चालत नाही. बोर्डासोबत नुसती सीडी आली असेल तर फ्लॉपी बनवायला दुसरा चालू कॉम्प्युटर हवा, म्हणजे शेजारी नाहीतर सायबर कॅफे. अडीचशे रुपये वाचवायला फ्लॉपी ड्राइव्ह घेतला नसेल तर पुन्हा टीएमटी, फास्ट, दादर...

जानेवारी २००७ च्या व्हिस्टाने पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर घ्यायला सुरुवात केली आणि फ्लॉपी सुटली. दुखणं सुटलं नाही. २०१५ च्या इंटेल १०० सिरीज बोर्डांवर २००९ चा विंडोज ७ टाकायला गेलं की बायोसमध्ये चालणारा यूएसबी कीबोर्ड सेटअपमध्ये मुका! कारण त्या चिपसेटमधून जुना यूएसबी २ कंट्रोलर काढला होता आणि विंडोज ७ कडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. मागे पीएस-टूचं गोल भोक असेल तर माळ्यावरचा जुना कीबोर्ड कामी यायचा.

आणि २०२० नंतर तिसरी फेरी. इंटेलने आधी लॅपटॉपच्या ११व्या पिढीत आणि मग डेस्कटॉपमध्येही एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या पाठीमागे ठेवायची सोय केली. ती चालू असेल तर बायोसला डिस्क दिसते, सेटअपच्या यादीत काही नाही. हुबेहूब २००३!

म्हणून अशा वेळी मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: बायोसला दिसतेय का? नसेल तर केबल, स्लॉट, पॉवर बघा. दिसत असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. बोर्डवाल्याच्या साइटवरून आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, पेन ड्राइव्हवर उघडून ठेवा (नुसती इन्स्टॉलरची फाइल सेटअपला कळत नाही) आणि लोड ड्रायव्हर दाबा. किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. पण हे विंडोज टाकण्याआधी. नंतर बंद केलंत तर पुढच्या बूटला निळा पडदा येऊ शकतो. एक्सपी आयडीई मोडमध्ये टाकून मागाहून एएचसीआय चालू करणाऱ्यांना दिसायचा तोच, स्टॉप ७बी.