गाभ्याचा इतिहास : बाल्सा, फोम आणि एक न बुजवलेले छिद्र

१/ फायबरग्लासची नौका अखंड भरीव असते, हा समज अपुरा आहे. अनेक नौकांत दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा असतो. थरांतील अंतर वाढले की वजन फारसे न वाढता ताठपणा कित्येक पटींनी वाढतो.

२/ या तत्त्वाची मोठी कसोटी आकाशात लागली. १९४० साली प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचे धड बर्च प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा घालून घडवलेले होते.

३/ हे लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरचे. १९४७ मध्ये थोर हेयरडाल त्याच्याच ओंडक्यांच्या ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून १०१ दिवसांत पेरूहून पॉलिनेशियाला पोहोचला.

४/ पुढे नौकाबांधणीत बाल्साचे तंतू थरांना काटकोनात उभे ठेवले जाऊ लागले. त्यामुळे दाब उत्तम पेलला जातो आणि पाणीही आडवे सहजी पसरत नाही.

५/ दुसरा मार्ग फोमचा. १९५८ मध्ये रिचर्ड फिशरची ‘बोस्टन व्हेलर’ आली. १९६१ मध्ये ती करवतीने मधोमध कापूनही तिचे दोन्ही भाग तरंगत राहिले.

६/ मग जुन्या नौकांचे डेक का सडले? बहुधा दोष लाकडाचा नव्हताच. स्क्रूसाठी पाडलेली छिद्रे नीट बुजवली नाहीत. पाणी शिरले आणि बाल्सा कुजला. फोम कुजत नाही, पण ओल्या गाभ्यापासून थर सुटू शकतात.

७/ म्हणून जाणता कारागीर ओला गाभा काढतो, छिद्र मोठे करून इपॉक्सीने भरतो आणि त्यातूनच नवे छिद्र पाडतो. गाभ्याची निवड महत्त्वाची खरीच. पण नौकेचे आयुष्य ठरते ते त्या छिद्राच्या काठावर.